बांधलेलं पोट

"हे पोट पोरीचं नोहे."

असं आत्याबाई म्हणाल्या. ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं त्याच्या या आत्या. त्या हे म्हणाल्या तेव्हा माझ्या पोटाची कातडी त्यांच्या चिमटीत होती. तव्यावरच्या भाकरीची कड उचलून खालून भाजली का ते बघावं, तशी त्यांनी ती उचलून धरली होती. मग सोडली. कातडी खाली आली आणि परकराच्या नाडीवर लोंबत राहिली.

मी परकर-ब्लाउजवर उभी. इंझोरीचं आमचं घर, मधली खोली, दाराला आतून कडी. बाहेर मांडवात माणसं चहा पीत होती. त्या दिवशी माझं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. ओटी भरून झाली की मुलीनं आत जाऊन त्यांनी आणलेली साडी नेसून यायचं, ही आमच्याकडची रीत. पण त्यांच्या घराण्यात ती साडी आत्या स्वतःच्या हातानं नेसवते, हे आम्हाला तिथंच कळलं. अंजिरी रंगाची ती साडी मुलाच्या बहिणीच्या हातात तशीच घडीत होती. शेजारी मुलाची आई. माझी माय कोपऱ्यात. आणि माझ्या पायाशी बाबांच्या जुन्या धोतराची पट्टी पडलेली, आत्याबाईंनी नुकतीच माझ्या पोटावरून सोडलेली.

ती पट्टी बघूनच त्यांचा हात थबकला होता. आमच्या भागात पोटाला अशी पट्टी घट्ट आवळून एकच बाई बांधते. बाळंतीण.

ज्या गोष्टीची मला स्वतःपुढे लाज वाटत होती, ती चार बायांपुढे उघडी पडली होती. खरंखोटं नंतरचं. आधी मला फक्त अंगावर काहीतरी ओढून घ्यायचं होतं, आणि साडी त्यांच्या हातात होती.

मी लहानपणापासून जाड. बाबांची गावात पिठाची गिरणी, तीन एकर कोरडवाहू. पोरं म्हणायची, गिरणीतलं सांडलेलं पीठ हीच चाटते. मी पण हसायची. हसलं की लोक लवकर गप्प बसतात, हे जाड पोरीला कोणी शिकवावं लागत नाही. बी.ए. झाले, गिरणीवर बसायला लागले, स्थळं येऊन पोहे खाऊन जायला लागली. पोह्यांचं कौतुक सगळ्यांनी केलं.

मग वाशीमचं हे स्थळ आलं. संत्र्याची बाग, बाजारात खता-बियाण्याचं दुकान, दारात दोन गाड्या. होळीनंतर बघायला आले. मुलाच्या आईनं पोह्यांची बशी हातात धरूनच निकाल दिला. "पोरगी पसंत हाय. फक्त अंगानं निम्मी करा."

बाबा हसले आणि म्हणाले, "करू नं."

करू नं. जसं कोणी ज्वारीचं दळण टाकलं आणि जरा बारीक दळा म्हटलं. मला तेव्हा राग आला नाही. खरं सांगते, आनंद झाला. एवढे मोठे लोक, आणि अट काय तर एवढीच.

तुळशीच्या लग्नानंतर साक्षगंध ठरलं. मी कामाला लागले. पहाटे मानोऱ्याच्या रस्त्यानं फाट्यापर्यंत चालत जायची. दुधाच्या गाडीवरची पोरं मागून शिट्ट्या मारायची. अर्धी भाकर, बिनतेलाची भाजी, रात्री नुसतं ताक. एकदा गिरणीवर चक्कर येऊन पडले तर बाबांनी पट्टा बंद करून मला उचललं आणि म्हणाले, उतरून राह्यली नं, मग झालं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी धान्याच्या काट्यावर उभी राहायची. महिन्याच्या महिन्याला मध्यस्थाचा फोन यायचा, किती उतरली म्हणून. बाबा आकडा सांगायचे, अगदी अभिमानानं.

उतरली. चरबी उतरली. कातडी कुठे जाणार?

आधी दंड लोंबायला लागले. मग पोट. इतकी वर्षं ताणलेलं ते आता रिकाम्या गोणीसारखं खाली आलं, त्यावर पांढऱ्या रेघा. आंघोळीला बसलं की पोटाची वळी मांडीवर यायची. मी गाऊन घालून आंघोळ करायला लागले. मोबाइलवर शोधायची. कोणी सांगे, हळूहळू बसते, धीर धरा. कोणी सांगे, बसतच नाही, कापून काढावी लागते. कापायचं कुठलं? नागपूरचे ते दवाखाने आमच्यासाठी नव्हते. आगीतून निघाले आणि फुफाट्यात पडले. जाड होते तेव्हा निदान सगळ्यांना दिसत होतं, त्यात लपवायचं काही नव्हतं. ही नवी लाज माझी एकटीची होती. लग्नाच्या पहिल्या रात्री दिव्याचं बटन पलंगाच्या कोणत्या बाजूला असेल, याचा मी महिनाभर विचार केला आहे. बाकीच्या पोरी काय विचार करतात मला माहीत नाही.

शेवटी मायला सांगितलं. माय आधी हसली. मग माझा चेहरा बघून उठली आणि तिळाचं तेल कोमट करून आणलं. "बाळंतिनीचं असंच बसवते. चार खेपा माह्यं बसवलं माह्या मायनं. तुह्यं बी बसून जाईन." तिनं रोज पहाटे पोट चोळलं, बाबांचं धोतर फाडून पट्टी केली आणि ती आवळून बांधायला लागली. साक्षगंधाच्या दिवशीही बांधली. साडी चापून बसावी म्हणून मीच म्हटलं होतं, जरा घट्ट बांध. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तर त्या खोलीत माय पुढे आली. हात जोडून म्हणाली की वजन उतरवलं म्हणून झालं हे, तुम्हीच सांगितलं होतं ना. आत्याबाईंनी धोतराच्या पट्टीकडे बोट केलं. वजन उतरवून कोणी पोट बांधतं का, असं त्यांनी विचारलं. आम्हीही लेकरं जन्माला घातली आहेत, आम्हाला शिकवू नका.

"माही पोरगी तशी नाही वो," माय म्हणाली. पुन्हा म्हणाली. पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

आणि मी काय केलं? मी पुरावे द्यायला लागले. ब्लाउजची बाही वर सरकवून दंडाची कातडी दाखवली, ही बघा, ही पण लोंबते. तेवढ्यानं भागेना म्हणून परकर वर उचलला आणि मांड्या दाखवल्या. ज्या अंगाकडे मी स्वतः बघत नव्हते, ते मी एकेक भाग करून त्यांच्यापुढे मांडलं. मुलाची बहीण तोंड फिरवून उभी राहिली. आत्याबाई नीट बघत होत्या. हे लिहिताना आजही कानशिलं तापतात. त्यांनी माझं जे केलं त्यापेक्षा त्या खोलीत मी माझं जे केलं, ते मला जास्त छळतं.

त्या बाहेर गेल्या. मग बाहेरून कुजबुज. थोड्या वेळानं बाबा दारात आले. टोपी हातात, नजर भिंतीवर. वाशीमला त्यांच्या ओळखीची एक डॉक्टरीण आहे, ती तपासून सांगेल, तासाभराचं काम आहे, साफ निघालं तर संध्याकाळीच साक्षगंध उरकू, असं पाहुण्यांनी सुचवलं होतं. उपकार केल्यासारखं सुचवलं होतं.

"चाल बेटा, दाखवून येऊ," बाबा म्हणाले. "आपल्याले कायची भीती?"

मी माझी जुनी साडी गुंडाळली आणि निघाले. जबरदस्तीनं नेलं असं म्हणायची सोय नाही, मला जायचंच होतं. डॉक्टरीण सांगेल की पोरगी साफ आहे, आत्याबाईंचं तोंड उतरेल, त्या मला जवळ घेतील. मांडवातून चालताना माझ्या डोक्यात हेच चालू होतं. दोन्हीकडे माणसं हातात बश्या धरून बसलेली. कोणी खात नव्हतं, सगळे माझ्या पोटाकडे बघत होते.

गाडीचं दार उघडं होतं. तो, माझा होणारा नवरा, दाराशी उभा होता. सात-आठ महिने आम्ही रोज फोनवर बोलत होतो. मी काय खाल्लं, किती चालले, सगळं त्याला माहीत होतं. चक्कर येऊन पडले ते सुद्धा. मी त्याच्यापाशी थांबले आणि हळूच विचारलं, "तुमाले तं ठाऊक हाय नं, मी काय केलं ते?"

"मले ठाऊक हाय," तो म्हणाला. "पन एकदा दाखवून घेतलं तं काय बिघडते?"

तो वाईट बोलला नाही. समजुतीनंच बोलला. त्यामुळेच मला लख्ख कळलं. त्याला खरं माहीत होतं, तरी ते पुरत नव्हतं. मग डॉक्टरणीचं तरी किती दिवस पुरणार?

मी मागे बघितलं. माय मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती, ओठ अजून हलत होते. तशी नाही, तशी नाही. तशी म्हणजे कशी? माझ्या मायचं पोट मी बघितलं आहे. तेल लावताना तिनंच लुगडं सरकवून दाखवलं होतं, हे बघ, माह्यं बी असंच हाय. तिच्या पोटाला लोंबायला चार लेकरं लागली, त्यातली मी एक. मुलाच्या आईचं तसंच असणार. आत्याबाईंचंही. मांडवात कुंकवाच्या मानानं बसलेल्या प्रत्येक बाईच्या निऱ्यांमागे हेच पोट होतं. आणि त्याच पोटाचा माझ्यावर आळ आला म्हणून माझी माय हात जोडून, जिथून मी आले त्या पोटाला शिवी असल्यासारखं नाही नाही म्हणत होती. साफ निघालं तर. मी साफ निघायचं, म्हणजे कशातून?

आणि दुसरं. ही कातडी त्यांची होती. त्यांनी निम्मी करा म्हटलं, मी निम्मी झाले. उरलेल्या निम्मीची ही रिकामी खोळ त्यांच्याच अटीनं झालेली, आणि तपासणी माझी.

"मी येत नाही," मी म्हटलं.

आत्याबाई गाडीत बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "मंग आमी काय समजाचं?"

"समजा जे समजाचं ते. माह्या पोटात लेकरू होतं का नव्हतं, हे मी तुमाले सांगनार नाही. डॉक्टरलेही नाही."

बाबा जवळ आले. अगदी हलक्या आवाजात, विनवल्यासारखं म्हणाले, "बेटा, हो म्हन." मी बाबांना आयुष्यात कधी नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं, सगळ्या गावासमोर. त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि ते गिरणीकडे निघून गेले. गाड्या वळल्या. अंजिरी साडी त्यांच्याबरोबर परत गेली. वरण, भात, बुंदी, सगळं तयार होतं. जेवायला कोणी थांबलं नाही.

मला कोणी शाबास म्हटलं नाही, हे आधीच सांगते. गावाला आता पक्कं माहीत आहे की मला लेकरू झालं होतं. कोणी म्हणतं अकोल्याला झालं, कोणी अमरावतीला. दळण घेऊन आलेल्या बाया मला बघून बोलणं तोडतात. चार महिने झाले, बाबा कामापुरतं बोलतात. माझी लाजही गेलेली नाही. कातडी आहे तशीच आहे, आता कदाचित अशीच राहील. मी आरशापुढे उभी राहून तिच्यावर प्रेम वगैरे करत नाही. आंघोळीला अजून नजर टाळते. पण एवढं मी वेगळं केलं आहे की कातडीची लाज माझी, ती मी बघून घेईन. ती उचलून बघितल्याची लाज माझी नाही.

माय दर आठ-पंधरा दिवसांनी विषय काढते. अकोल्याला जाऊन ये, कोणाला कळणार नाही, एक कागद आणून ठेव. तुझ्यासाठी नको तर धाकटीसाठी आण. धाकटी बारावीला आहे. परवा तिच्यासाठी स्थळ घेऊन एक मध्यस्थ आला होता. बाबांपुढे बसून तो म्हणाला की पोरगी चांगली आहे, लोकही तयार आहेत, फक्त मोठीचं काय ते एकदा स्पष्ट झालं तर बरं. तो गेल्यावर धाकटी माझ्याजवळ आली. रागानं नाही आली. माझा हात धरून बसली आणि म्हणाली, "ताई, माह्यासाठी जाय नं एकदा."

तिच्यासाठी मी काहीही केलं असतं. मी उपाशी राहून तिचं पोट भरलं असतं. म्हणून मी तिला खोटा धीर दिला नाही. बघू, असंही म्हटलं नाही. तिच्या डोळ्यात बघून सांगितलं की मी जाणार नाही. तुझं हे स्थळ गेलं तरी जाणार नाही. कारण उद्या तुलाही कोणीतरी गाडीचं दार उघडून म्हणेल, चल, दाखव. मी आज कागद आणला तर उद्या तुलाही आणावा लागेल, आणि तुझ्या पोरीलाही.

ती खूप रडली. अजून माझ्याशी बोलत नाही. बोलेल का ते मला माहीत नाही. मी दाखवणार नाही.