उलट्या पावलांची रोवणी

"चला जी, बांधी वाट पाहून रायली," असे म्हणत ती पदर कमरेला खोचायची, आणि आमच्या केंद्राचे सिमेंटचे अंगण बांधी, म्हणजे धानाचे शेत, होऊन जायचे.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांच्या त्या दिवसकेंद्रात मी शिकवते. ती तिथे मदतनीस होती, दवनीवाड्याकडून सायकलने यायची. आयुष्यभर इतरांच्या शेतांत रोवणी केलेल्या तिच्या हातांना साबणाखालूनही ओल्या मातीचा वास येई. सारे तिला मावशी म्हणत.

व्यायामाचा माझा रंगीत तक्ता भिंतीवर नुसताच लटकत होता. मावशीने चिंध्यांच्या जुड्या बांधल्या, अगदी धानाच्या रोपांसारख्या, आणि सर्वांना रांगेत उभे केले. वाका, जुडी ठेवा, एक पाऊल मागे. रोवणारी बाई मागे मागेच सरकते, हे तुम्हीही बांधावरून पाहिले असेल.

फक्त सुमन उठत नसे. चाळिशीची, सुजलेल्या पायांची, खिडकीखालच्या खुर्चीत मिटलेली. चालली नाही तर अंथरूण धरेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. तिचा भाऊ थकला होता.

"घरीबी बसते, इथंबी बसूनच रायते. दिवाळीनंतरचा खेळाचा मेळावा झाला का तिले घरीच ठेवतो."

मावशी सुमनकडे वळली. "काऊन वो, रांगेत जागा खाली ठेवू का?"

"पाय दुखते."

"मले का कमी दुखते? दोघी मिळून दुखवू."

त्या दिवशी एक जुडी रोवली गेली. दिवाळीपर्यंत सुमन अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ लागली.

मेळाव्यात चालण्याची शर्यत होती. शिट्टी वाजताच बाकीचे पुढे निघाले. सुमनने मात्र अंतिम रेषेकडे पाठ फिरवली, कमरेत वाकली आणि एक पाऊल मागे टाकले. मैदान हसले. भावाने मान खाली घातली. शर्यतीत पुढे चालायचे असते, हे तिला शिकवायचे आम्हीच विसरलो होतो.

मावशी शांतपणे सुरुवातीच्या रेषेवर, सुमनच्या नजरेसमोर जाऊन उभी राहिली. "रोव वो माय, रोव. हिरवं दिसून रायलं."

त्या चेहऱ्यावरची नजर न काढता सुमन धुळीत न दिसणारी रोपे लावत गेली. हसू विरले, टाळ्या सुरू झाल्या. बाकीचे केव्हाच पोहोचले होते, तरी कोणी जागचे हलले नाही. तिच्यासाठी पुन्हा ताणलेली फीत पाठीला लागली तेव्हा ती सावकाश सरळ झाली.

"झाली बांधी."

भाऊ माझ्याजवळ आला. "मॅडम, उद्या किती वाजता आणू इले?"

यंदाच्या उन्हाळ्यात मावशी गेली. अंगणात रांग अजून रोज लागते, मध्यभागी सुमन. वाकून, जुडी ठेवून सारे एकेक पाऊल मागे सरकतात. आणि मावशी जिथे उभी राहायची, त्या उन्हाच्या मोकळ्या तुकड्याकडे सर्वांचे चेहरे शेवटपर्यंत वळलेले असतात.