रेघोट्यांच्या बाई

बालवाडीतल्या आमच्या बाईंची बोटं कायम गेरूनं लाल असत. पिंपरीतल्या आमच्या चाळीतल्या आयांनी त्यांचं नाव ठेवलं होतं, 'रेघोट्यांच्या बाई'. कौतुकानं मुळीच नाही. पोरांकडून अक्षरं गिरवून घ्यायची सोडून ही बाई चित्रं काय काढायला लावते, हा सगळ्यांचा राग.

कंपनीतून कुणीतरी आणलेला खाकी कागद, गेरू आणि कोळसा एवढंच भांडवल. पोरानं मनाला येईल ते काढायचं. मग बाई शेजारी फतकल मारून बसत आणि विचारत, "सांग बघू, इथं काय चाललंय?" ते सांगेल ते शब्दन्‌शब्द चित्राखाली लिहीत आणि त्याचं बोट धरून त्याच्याकडूनच वाचून घेत. माझी आई एकदा तणतणत गेली. "रेघोट्या वढायला धाडलं व्हय आमी पोराला?" बाई हसल्या. "आधी त्याला सांगावंसं तरी वाटू दे, ताई. अक्षरं कुठं पळून जातायत?"

ते पोर म्हणजे माझा धाकटा भाऊ बंडू. कमालीचा घुमा. घरात चकार शब्द काढत नसे. त्यानं एक भलामोठा आडवा माणूस काढला, उशाशी जेवणाचा डबा. बाईंनी विचारलं, तर स्वारी चक्क बोलली. बाईंनी खाली लिहिलं, 'दादा झोपल्यात. रातपाळी हाय. उठवू नका.' वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. ते चित्र आमच्या भिंतीवर लागलं आणि दादा येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत सुटले.

त्याच वर्षी तापाचं निमित्त झालं आणि बंडू गेला.

आईला अक्षरओळख नव्हती. भिंतीवरचं चित्र काढून ती बाईंकडे गेली. "वाचा की बाई, काय म्हणला हुता त्यो?" बाईंनी वाचलं. दुसऱ्या दिवशी आई पुन्हा हजर. मग रोजच. बाई कधी कंटाळल्या नाहीत. एकदा मात्र त्यांनी आईचं बोट धरून पहिल्या शब्दावर ठेवलं. "आज तुम्ही वाचा." पाठ तर होतंच. आई रडत रडत एकेका शब्दावरून बोट सरकवत गेली. माझी आई अशी वाचायला शिकली, आणि पाठोपाठ लिहायलाही.

पुढं बाईंच्या यजमानांची बदली झाली. निरोप द्यायला आईबरोबर मीही गेले. बाईंनी आईपुढं कागद, गेरू आणि कोळसा ठेवला. आईनं बऱ्याच वेळानं एक आडवं, लहानसं पोर काढलं.

"सांगा बघू, इथं काय चाललंय?"

कोळसा उचलून आईनं स्वतःच खाली लिहिलं, 'बंडू झोपलाय. उठवू नका.'

बाईंनी तो कागद मागितला. आई देईल असं मला वाटलं नव्हतं. तिनं दिला.

"हळू न्या, बाई," ती म्हणाली.