बोरीच्या पावण्याची पेटी

तो कप आधी खाली ठेवा. खरंच ठेवा! मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा एका पाहुण्याच्या नाकातून चहा आला होता, आणि त्याच्या पांढऱ्या शर्टाचं पाप अजून माझ्या डोक्यावर आहे. माती कशी खाल्ली ते सगळं सांगतो, पण एक अट आहे. मला काय हसायचं ते हसा, मी बनवलेल्या वस्तूला हसायचं नाही. वस्तू एक नंबर होती!

तर मी गाडीत वूफर, म्हणजे खालचा आवाज घुमवणारा मोठा स्पीकर, बसवायचं ठरवलं. बारा इंची आणला. पण वूफर नुसता आणून भागत नाही बरं का. त्याला घर लागतं, लाकडाचा बॉक्स. उघड्यावर वाजवला तर तो पातेल्यावरच्या झाकणासारखा नुसता फडफडतो. तयार बॉक्स मिळतात, नाही असं नाही. पण मी बोरी बुद्रुकचा माणूस! विहिरीवरची मोटर मी खोलतो, ठिबकची जोडणी मी करतो, आणि एक लाकडी खोकं विकत आणू? शोभतं का?

बॉक्स दोन जातीचे असतात. एक सगळीकडून बंद. त्याचा ठोका कसा, इस्त्री केल्यासारखा, नीटनेटका. दुसरा पोर्टवाला. त्याला एका बाजूला लांबट खाच ठेवतात, आतली हवा तिच्यातून बाहेर पडते आणि आवाज दणकून येतो. बॉक्स बनवायच्या व्हिडिओतला हिंदी भाऊ म्हणत होता, “बंद बॉक्स सुननेवालों के लिए, पोर्टवाला सुनानेवालों के लिए.” मी त्यातला कोणता, ते तुम्ही ओळखलंच असेल.

जुन्नरला प्लायवूडवाल्या शेठकडे गेलो. अठरा एमएमचं जाड एमडीएफ सांगितलं. शेठनं चष्म्यावरून बघितलं.

“एवढं जाड? देव्हारा करताय का?”

“नाही शेठ, आवाज ठेवायला पेटी करतोय.”

“आवाज ठेवायला?” शेठ म्हणाले, “लोकं आमच्याकडून दागिने ठेवायला नेतात.”

मी हसलो. मोठ्या कामाची सुरुवात अशीच होते, लोकांना कळत नाही.

घरी आल्यावर ओसरीत कारखाना सुरू झाला. सांध्यांना गोंद, स्क्रू, आतून आडव्या पट्ट्या, खाचेला आतून वळण. बॉक्सच्या आत हवा किती लिटर मावते यावर सगळा खेळ असतो. कागदावर गणित केलं होतं, पण खात्री कशी करायची? मी खाचेत फडकं कोंबलं आणि वूफरच्या भोकातून आत बाजरी ओतली. तेलाच्या डब्यानं, मोजून!

“अहो! दळणाला काढलेली बाजरी हाय ती!” आमची सुनंदा स्वयंपाकघरातून ओरडली.

“माप घेतोय.”

“खोक्याला बाजरी खायला घालून?”

पण माप बघा, तंतोतंत! माझ्याच पाठीवर माझा हात पोचला असता तर मी शाबासकी दिली असती. बाजरी परत काढली, थोडीफार त्या वळणात अडकून राहिली असेल. मग सगळ्या सांध्यांवरून पेटती उदबत्ती फिरवली. कुठे हवा गळत असली तर धूर हलतो. धूर हलला नाही. वरून काळं कार्पेट चिकटवलं. काय रूप आलं राव! मी खुर्ची टाकून नुसता बघत बसलो.

आता इथे गाडी वळते. सुनंदाचं माहेर आंबेगावात, शिनोलीला. तिनं बापाला फोनवर सहज सांगितलं, “आमचे हे घरीच पेटी बनवत्यात.” बॉक्सला पेटी म्हणाली बिचारी. चूक काय तिची? मी स्वतः शेठला पेटीच म्हणालो होतो.

पण माझे सासरे, म्हणजे मामा, शिनोलीच्या भजनी मंडळाचे प्रमुख. आणि भजनी मंडळात पेटी म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. वाजवायची पेटी! हार्मोनियम! त्यांच्या पेटीचा भाता उंदरांनी खाल्लेला, दर एकादशीला घोडेगावातून कुणाची तरी मागून आणायचे. मामांचा लगेच मला फोन.

“पावणं, ऐकतोय ते खरं हाय का? पेटी घरी बनवली म्हनं?”

“खरंय मामा.” माझी छाती लगेच फुगली.

“हवा धरती का?”

मी चाट! म्हाताऱ्याला एवढं कळतं? “मामा, उदबत्ती लावून तपासलीय. जिथनं सोडलीय तिथनंच हवा बाहेर येणार.”

“वा! आन भाता?”

आता वूफरचा पडदा आतबाहेर हलतो, त्याला मामांनी काय झकास शब्द काढला, असं मला वाटलं. “भाता तयार आणलाय मामा. बारा इंची!”

“बारा? लई मोठा झाला की! सूर कसा लागतो?”

“एकदम खालचा. छातीत घुमतो.”

“खर्ज! अरं व्वा!” मामांचा आवाज भरून आला. “पट्टी कंची? काळी का पांढरी?”

“काळी, मामा. आख्खी काळी. वरनं कार्पेट लावलंय.”

मग मामा म्हणाले, “कार्पेट? ब्येस केलं. उंदरांचं भ्या न्हाई!”

तुम्ही हसताय. पण मला सांगा, ह्यातलं एक तरी उत्तर खोटं होतं का?

“मग येत्या एकादशीला देवळात घेऊनच या,” मामा म्हणाले. “समद्या गावासमोर वाजवू.”

फोन ठेवला आणि मी हवेत. कारण सांगतो. शिनोलीला माझा साडू आहे एक, प्रकाश. चाकणला कंपनीत आहे. त्यानं देवळाला पंखे दिलेत. प्रत्येक पंख्यावर त्याचं नाव. आता पंखा फिरताना नाव वाचता येत नाही, ही माझी त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. सासुरवाडीत जेवायला बसलं की आधी त्याच्या ताटात वाढणार. आणि आता मला बोलावणं! माझ्या हातच्या वस्तूला! देवासमोर! नव्या ट्रॅक्टरची पूजा करतात की नाही? तसंच असणार, असं मी धरून चाललो.

एकादशीला आम्ही निघालो. मंचर गेलं, घोडेगाव गेलं, मी रस्ताभर आवाज लावला नाही. पहिला ठोका देवासमोरच! शिनोलीत वळलो तर देवळाच्या कर्ण्यावरून मामांचा आवाज.

“आपले बोरीचे पावणे सवताच्या हातानं बनवलेली पेटी घेऊन आलेले हायेत! मंडळींनी देवळाम्होरं यावं!”

अंगावर काटा आला हो! माणसं जमली, बाया जमल्या. माझ्या गळ्यात झेंडूचा हार. प्रकाशला हार बिर काही नाही, तो आपल्या मोठ्या गाडीला टेकून उभा. मी एकदा त्याच्याकडे बघून हाराची फुलं नीट केली. गरज नव्हती, पण केली.

“आना पेटी,” मामा म्हणाले.

“आणायची कशाला? गाडीतच आहे. गाडीतच वाजते.”

मामा थबकले. गाडी मी उलटी घेतली, डिकी देवळाच्या दाराकडे केली आणि उघडली. मंडळाचे पेटी वाजवणारे गेणूबुवा पुढे आले. म्हातारा माणूस, नजर अधू. डिकीत वाकून त्यांनी कार्पेटवरून हात फिरवला. इकडून फिरवला, तिकडून फिरवला.

“पट्ट्या घावंनात.”

“पट्ट्या आतून मारल्यात बुवा. मजबुतीला.”

“आतून?” बुवांचा हात खाचेत गेला. “मग दाबायचं कुठं?”

“दाबायचं काही नाही बुवा. तुम्ही नुसतं ऐका.”

आणि मी लावलं.

काय सांगू! पहिलाच ठोका असा बसला की देवळाचा पत्रा थरारला, पंखे करकरले, गाभाऱ्याबाहेरची घंटा कुणी न वाजवता किणकिणली. आणि त्या खाचेतून हवेच्या झोताबरोबर बाजरी! होय, बाजरी! फर्रकन उडाली आणि गेणूबुवांच्या धोतरावर, मिशीवर, टोपीवर.

मी बंद केलं. बुवांनी मिशीतला दाणा काढून हातावर घेतला.

“बाजरी हाय,” ते म्हणाले.

मामा माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, “पावणं, हे समदं ब्येस झालं. पन पेटी कुठंय?”

“हीच की मामा!”

“आवो, वाजवायची पेटी! भजनाची!”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. भाता! काळी! खर्ज! मी सुनंदाकडे बघितलं. तिनं पदर तोंडाला लावला होता. रडतेय वाटलं, पण खांदे हसण्यानं हलत होते.

आणि त्याहून वाईट म्हणजे, माझी येणार म्हणून मामांनी घोडेगावची पेटी आणलीच नव्हती. “आमच्या पावण्यांची हाय” असं ठणकावून सांगून टाकलं होतं. टाळ आले, पखवाज आला, गाव जमलं आणि सूर धरायला काही नाही. मामा पायरीवर बसले. माणूस एवढासा झाला हो! माझी फजिती मला चालली असती, पण माझ्यापायी गावासमोर त्यांची मान खाली? त्या क्षणी तो हार मला फास वाटायला लागला.

बुवाच म्हणाले, “पावणं, तुमच्या ह्या यंत्रातनं एकच सूर, न थांबता, धरून ठेवता येतो का?”

धरता येतो का? अहो, एकच सूर धरायला तर त्याचा जन्म! मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप असतं हे मला माहीत होतं. शिनोलीत रेंज कुठली यायला! देवळाच्या कट्ट्यावर चढलो, हात वर केला, फोन आभाळाला दाखवला, तेव्हा कुठे ते उतरलं.

“काळी एक लावा,” बुवा म्हणाले.

ह्या वेळी मी कार्पेट दाखवलं नाही.

फोन गाडीच्या टेपला जोडला, आवाज आधी बेतानं सोडला, मग पुरता वाढवला. आणि ऐका, मी बढाई मारत नाही. म्हणजे मारतोय, पण खरी आहे. तो तंबोरा त्या बॉक्समधून असा भरून आला की फरशीतून पायात चढत होता. बुवांनी डोळे मिटले, अभंग उचलला, टाळ पडले. असं भजन शिनोलीत कधी झालं नव्हतं, हे मी नाही, मामा म्हणाले. प्रकाश ताल धरून बसला होता. मी डिकीजवळ उभा, सारखा बॉक्सवरून हात फिरवत. गाडीला माझ्याइतकाच मान मिळत होता आणि मला तो कमी पडत नव्हता.

भजन संपलं, आरती झाली, प्रसाद झाला. मामांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. मी ऐटीत गाडीत बसलो, किल्ली फिरवली.

कट्ट.

परत फिरवली. कट्ट. एवढा वेळ इंजिन बंद ठेवून वाजवल्यावर बॅटरीत काय राहणार? डोंबल?

“दोर लावू का? वढून देतो,” प्रकाशनं खिडकीतून डोकं घालून विचारलं.

“नको, नको! उताराय. धक्का दिला की होईल.” साडूच्या गाडीमागे बांधून गावातून जायचं? ह्या जन्मात नाही!

मग काय, आख्खं भजनी मंडळ गाडीमागे. कुणाच्या गळ्यात टाळ, कुणाच्या खांद्यावर पखवाज. “बोला पुंडलीक वरदे!” म्हणत ढकलली. मी हार घालून स्टेअरिंगवर. उताराला क्लच सोडला, गाडीनं हिसका दिला आणि झाली चालू! मंडळानं जयघोष केला.

आणि गाडीबरोबर टेप चालू झाला. तंबोरा फोनवर होता हो, टेपला पेनड्राइव्ह होता! आणि पेनड्राइव्हवर हळदीची डीजेची गाणी. मघाचा आवाज तंबोऱ्यासाठी पुरता वाढवलेला, तो तसाच. देवळासमोर, एकादशीच्या दिवशी, सासूबाई तुळशीला पाणी घालत असताना, असलं एक गाणं दणाणलं, असलं एक गाणं, की त्याचे शब्द मी तुम्हालाही सांगणार नाही. बटण सापडेना! घाबरून दाबलं ते नेमकं पुढच्या गाण्याचं. ते आणखी वाईट! मागे वळून बघायची हिंमत नव्हती. सुनंदा सीटवरून खाली सरकत सरकत पार पाय ठेवायच्या जागेत पोचली होती. घोडेगाव येईपर्यंत ती वर आली नाही.

पुढच्या महिन्यात मामांचा फोन आला. प्रकाशनं मंडळाला नवी पेटी दिली होती. खरी, पट्ट्यांची.

“कारेक्रम हाय. तुमी आलंच पायजे बरं का पावणं,” मामा म्हणाले. “तुमच्याबिगर शोभा न्हाई. फकस्त येताना एसटीनं या.”

“बघ,” मी फोन ठेवून सुनंदाला म्हणालो, “जावयाच्या पेट्रोलची किती काळजी आहे त्यांना!”

ती उठली आणि मंचरच्या एसटीचं टायमिंग विचारायला शेजारी गेली.