तामील करणाऱ्या बाई

मोबाइलवर परिपत्रक आलं की कांबळे बाई आधी हातावरचा खडू धुवायच्या, मग पदराला हात पुसून चष्मा लावायच्या आणि शाळेची घंटा एकदाच, लांबलचक वाजवायच्या. या घंटेचा अर्थ सावरवाडीत सगळ्यांना ठाऊक होता. पोरं वर्गातून बाहेर येऊन ओट्यापुढं रांगेत बसायची. खिचडी शिजवणाऱ्या मावशी चूल मंद करून दारात यायच्या. लिंबाखालचे पिराजी मामा पेटवायला काढलेली बिडी पुन्हा कानामागं खोचून पुढं सरकायचे. मग बाई ओट्यावर उभ्या राहून परिपत्रक मोठ्यानं वाचायच्या, अगदी वाचा क्रमांक एक, वाचा क्रमांक दोनपासून ते शेवटच्या सहीपर्यंत. एक ओळ सोडायच्या नाहीत. वाचून झालं की चष्मा काढून म्हणायच्या, "हुकूम हाय. तामील करायची."

हे इतक्या साधेपणानं म्हणायच्या की नवख्या माणसाला वाटावं, काय आज्ञाधारक बाई आहे. मलाही वाटलं होतं. माझी ही पहिलीच नेमणूक. मी नायगावचा, घरात कुणी सरकारी नोकरीत नाही, त्यामुळं वरून आलेल्या कागदाला मी यमदूताला भ्यावं तसा भ्यायचो. जळकोटच्या पुढं फाट्यावर एस.टी.तून उतरून, माळ तुडवत सावरवाडीच्या शाळेत रुजू व्हायला पोचलो, तर वर्गात सगळी शाळा सतरंजीवर आडवी झोपलेली. मधोमध खुर्ची टाकून एक ठेंगण्या, कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या बाई पुठ्ठ्यानं माश्या वारत बसलेल्या. मी नमस्कार करायला तोंड उघडलं तर त्यांनी ओठावर बोट ठेवलं. "हळू बोला गुरुजी. उपक्रम चालू हाय."

उपक्रम झोपेचा होता. लहान मुलांची झोप होत नाही, म्हणून चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा नवा आदेश निघाला होता. कारण चांगलंच होतं. पण सावरवाडीतले आईबाप दिवस उगवला की दाराला कुलूप लावून रानात जातात आणि पोरं तेव्हाच शाळेत येऊन बसतात. या पोरांना कुलपापुढं परत पाठवायचं का, असं बाईंनी तालुक्याला विचारलं होतं. उत्तर आलं नाही. तेव्हा बाईंनी नऊपर्यंत पोरांना शाळेतच झोपवलं, फोटो काढले आणि केंद्रातल्या शाळांच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, 'सर्व वर्गांची झोप समाधानकारक. इयत्ता तिसरी घोरते. मार्गदर्शन व्हावे.' तासाभरात तालुक्याहून फोन आला, फोटो काढून टाका म्हणून. बाई अदबीनं म्हणाल्या, तसं लेखी द्या साहेब, म्हणजे तामील करता येईल.

'मार्गदर्शन व्हावे' हे बाईंचं दुसरं शस्त्र. सरकारी पत्रात हे दोन शब्द लोक सवयीनं लिहितात, बाई मात्र मनापासून लिहायच्या. गणवेशांचं गाठोडं आलं तेव्हाची गोष्ट. मापं न घेताच कुठंतरी लांब शिवलेले ते कपडे. चौथीच्या थोराड पोराला सदरा कोपरापाशी अडला आणि पहिलीतल्या गीताचा फ्रॉक घोट्यापर्यंत आला. ती दोन्ही हातांनी घेर उचलून नवरीसारखी चालत होती. बाईंनी तिला ओट्यावर उभं केलं, सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि मला पत्र सांगितलं, 'गणवेश मिळाले. विद्यार्थिनी त्यात बसेल इतकी वाढेपर्यंत गणवेश जपून ठेवावा, की गणवेशात बसेल अशी दुसरी विद्यार्थिनी शोधावी? मार्गदर्शन व्हावे.' पत्र लिहिताना मी दोनदा विचारलं, हे खरंच पाठवायचं का? बाई मात्र सुई-दोरा घेऊन गीताच्या फ्रॉकला खालून टीप घालायला बसल्या होत्या.

त्यांची ही वृत्ती कुठून आली, ते मला एकदा डबा खाताना कळलं. त्यांचे वडील उदगीरच्या मोंढ्यात हमाल होते. पोत्यांवरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकले, आणि लेकीला शिकवलं ते हट्टानं. ते म्हणायचे, "कागदाला भ्याचं न्हाई, वाचायचं. न वाचणाऱ्याच्याच बोकांडी कागद बसतो." बाई हे सांगताना हसत होत्या, पण पाठीचा कणा ताठ झाला होता. रोज परिपाठाला संविधानाची उद्देशिका म्हणताना तो असाच ताठ व्हायचा. बाकी वेळ बाई अशा बसायच्या, जणू जगातली सगळी कार्यालयं त्यांच्या करमणुकीसाठीच उघडली आहेत.

मग एक दिवस घंटा वाजली आणि बाईंनी जे वाचलं, त्यानंतर 'तामील करायची' म्हटलं नाही. कमी पटाच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेला जोडायच्या होत्या, कागदाच्या भाषेत त्यांचं 'समायोजन' करायचं होतं, आणि त्यात सावरवाडीची शाळा होती. मुलं सावरखेड्याला जातील. कायद्याप्रमाणं लहान मुलांना किलोमीटरभराच्या आत शाळा मिळायला हवी, आणि नकाशाप्रमाणं सावरखेडा किलोमीटरच्या आतच होतं. मावशींनी चुलीत पाणीच ओतलं. पिराजी मामा म्हणाले, "आतच हाय की. कावळ्याला."

दोन्ही गावांच्या मधे पाझर तलाव आहे. कुणीतरी लांबच्या खोलीत बसून संगणकावर एका शाळेपासून दुसऱ्या शाळेपर्यंत सरळ रेघ ओढली होती, ती थेट पाण्यातून गेली होती. रस्त्यानं जायचं तर फाट्यावरून मोठा वळसा, वाटेत ओढा, त्यावर पूल नाही, आणि एस.टी. त्या बाजूला जातच नाही. गीताची थोरली बहीण पाचवीला म्हणून सावरखेड्याला जायला लागली होती. पावसाळ्यात ओढा भरला तशी घरी बसली, ती बसलीच. आता आईबरोबर खुरपायला जाते. शाळा हलली तर गीताचंही तेच होणार, हे वाडीत कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

मी घाबरून विचारलं, आता काय करायचं? बाईंनी दोन दिवस विचार केला आणि पत्र सांगितलं, 'सदर अंतर आपण प्रत्यक्ष चालून पडताळावे. विद्यार्थी सोबत असतील. मार्गदर्शन व्हावे.' या खेपेला शेवटचे शब्द त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिले.

तालुक्याहून विस्तार अधिकारी साहेब आले. माणूस भला होता, फक्त गुडघा दुखरा आणि बूट नवे. त्यांनी ओट्यावर चहा घेतला आणि म्हणाले, चला, गाडीनं पाहून येऊ. बाई म्हणाल्या, "गाडीचा रस्ता हुकमात न्हाई साहेब. हुकमात रेघ हाय. पोरं त्याच रेघंनं जाणार, तर आपण बी रेघंनंच जाऊ." मग त्यांनी मोबाइलवर तो नकाशा उघडला, साहेबांच्या हातात दिला आणि पोरांना सांगितलं, "साहेबाच्या मागं रेघ धरून चालायचं. कुणी रेघ सोडायची न्हाई." पोरं दप्तरं पाठीला लावून खुशीत निघाली. सहल म्हटली की त्यांना काहीही चालतं.

रेघ आधी पिराजी मामांच्या गोठ्यातून गेली. मामांनी म्हैस बाजूला ओढून साहेबांना वाट करून दिली आणि विचारलं, हिचं बी समायोजन करायचं हाय का. मग रेघ तुरीत शिरली. आदल्या रात्री पावसाचा सडाका येऊन गेला होता, काळ्या रानाचा चिखल बुटाला धरत होता, आणि दर दहा पावलांनी साहेबांचे पाय हत्तीसारखे होत होते. ते थांबून काटकीनं चिखल खरवडायचे, तेव्हा सगळी शाळा शिस्तीत थांबायची. बाई मागून चालत होत्या आणि मधूनच अदबीनं विचारायच्या, साहेब, रेघ चुकली तर नाही ना? मला हसू आवरेना म्हणून मी एका झुडपाआड जाऊन खोकून आलो.

बाईंनी आपला सगळा बेत मला आदल्या दिवशी सांगितला होता. तलावाच्या कडेला पोचायचं, तिथं सगळ्यांनी थांबायचं, आणि साहेबांना नम्रपणे विचारायचं, की रेघ पुढं जाते आहे, आपण आधी जाणार का? एवढंच. मला सांगितलं होतं. पोरांना सांगायचं राहिलं.

कडेला पोचलो. साहेब घाम पुसत उभे राहिले. बाईंनी चष्मा लावला, घसा खाकरला आणि त्यांचा तो ठेवणीतला प्रश्न विचारायला सुरुवात केली. तेवढ्यात पाण्याचा आवाज झाला. गीतानं चपला काढून काठावर नीट जोडून ठेवल्या होत्या, पुस्तकं भिजू नयेत म्हणून दप्तर डोक्यावर घेतलं होतं आणि ती तळ्यात शिरली होती. टीप घातलेला फ्रॉक पाण्यावर फुगून आला होता. पलीकडं सावरखेड्याच्या शाळेचं छत दिसत होतं आणि ती त्याच्याकडं बघत सरळ चालली होती. तिच्या मागची दोन पोरं पण चपला काढायला वाकली होती.

मी ओरडलो तोवर साहेब बुटांसकट पाण्यात होते. गुडघा दुखत होता हे ते विसरले असावेत. त्यांनी तिला काखेतून उचलून काठावर आणून ठेवलं आणि धापा टाकत विचारलं, कुठं चालली होतीस ग? गीता साहेबांकडं पाहत म्हणाली, "बाई म्हणल्या, रेघ सोडायची न्हाई."

बाई खाली बसल्या. काळ्या मातीत, इस्त्रीच्या साडीसकट. गीताला त्यांनी जवळ ओढलं आणि पदरानं तिचे पाय पुसायला लागल्या, पाय कोरडे झाले तरी पुसतच राहिल्या. मला तेव्हा फार वाईट वाटलं. मग त्यांनी मान वर केली.

"साहेब, तुमी आन् मी हुकमाशी खेळतो," त्या म्हणाल्या. "तुमी वरून टाकता, मी खालून परत टोलवते. ही लेकरं खेळत न्हाईत. ही खरंच तामील करतात."

साहेबांनी बूट काढून पाणी ओतलं आणि गीताच्या चपलांशेजारी उन्हात ठेवले. परत येताना आम्ही वाटेनं आलो. त्यांनी शाळेतच बसून अहवाल लिहिला आणि जाताना बाईंना वाचून दाखवला. त्यात इतकंच होतं, की दोन शाळांच्या मधे पाणी आहे, ते नकाशात निळ्या रंगात दाखवलेले असूनही कोणी पाहिले नाही, आणि मी त्यात उतरून खात्री केली आहे. शाळा राहिली. यंदापुरती, असं म्हणायची आमच्याकडं पद्धत आहे, कारण दर वर्षी नवा कागद येतो.

त्यानंतर मात्र बाईंनी आपली रीत बदलली. घंटा तशीच, हात धुणं तसंच, वाचनही तसंच. पण वाचून झालं की चष्मा काढून त्या म्हणायच्या, "आता इचारा." कुणीतरी एक प्रश्न विचारल्याशिवाय हुकूम पाळायचा नाही, असा शाळेचा नियम झाला. आठवडाभर पोरं नुसती एकमेकांकडं बघायची. मग सुटली. झाडं लावून फोटो पाठवायचं परिपत्रक आलं, तेव्हा एकानं विचारलं की फोटो झाल्यावर झाडाला पाणी कोण घालणार. दुसऱ्यानं विचारलं, मागच्या वर्षीच्याच खड्ड्यात लावलं तर चालेल का. गीता मात्र प्रत्येक परिपत्रकाला उभी राहून एकच प्रश्न विचारायची, "का?" मी सगळे प्रश्न जसेच्या तसे तालुक्याला पाठवायचो. आताशा कागदाला मी पूर्वीइतका भीत नव्हतो. उलट तालुक्याचंच ऑफिस आम्हाला जरा दबून राहायला लागलं होतं, असं साहेब एकदा हसत म्हणाले.

शेवटची घंटा बाईंनी वाजवली त्या दिवशी मला आधीच माहीत होतं काय आलंय ते. बाईंनी हात धुतले, चष्मा लावला आणि स्वतःच्या सेवानिवृत्तीचा आदेश ओट्यावर उभं राहून वाचला, वाचा क्रमांक एकपासून. आवाज कुठंच अडखळला नाही. 'नियत वयोमानानुसार' हे शब्द तर त्यांनी जरा चवीनंच म्हटले. मावशी डोळ्याला पदर लावून उभ्या होत्या. पिराजी मामांनी बिडी कानामागून काढली नाही.

वाचून झाल्यावर बाईंनी चष्मा काढला आणि सवयीनं म्हणाल्या, "आता इचारा."

गीता उभी राहिली. फ्रॉकची टीप कधीच उसवून सोडलेली होती, आणि तो आता तिला बरोबर बसत होता. तिनं विचारलं, "का?"

बाईंनी तिला समजावलं, की माझं वय झालं, सरकारचा तसा नियम आहे, सगळ्यांनाच लागू आहे. गीतानं सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि पुन्हा विचारलं, "पण का?"

बाईंनी काढलेला चष्मा पुन्हा लावला. मग माझ्याकडं वळल्या.

"गुरुजी, ल्हा. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर मुख्याध्यापिकेकडं न्हाई. मार्गदर्शन व्हावे."

मी तसंच लिहून पाठवलं. तालुक्याहून अजून उत्तर आलेलं नाही. गीता दर सोमवारी येऊन विचारते, आलं का म्हणून.