न वाकणारा गुडघा

स्पिरिटचा वास आला की मला भंडाऱ्यातल्या दवाखान्याची ती खोली आठवते. बाबांचा गुडघा आतून सडला होता, म्हणून तो काढून वरखालची हाडं एकमेकांना जोडली होती आणि पायाला बाहेरून लोखंडी सळ्या लावल्या होत्या. त्या दिवशी डॉक्टरांनी सळ्या सैल केल्या आणि मला बाबांची टाच धरून पाय उचलायला सांगितलं. पाय मधे वाकला, तर हाड जुळलं नाही. मग पायच कापावा लागणार. मी दोन्ही हातांनी टाच धरली आणि उचलली. बाबांनी डोळे मिटून विचारलं, "वाकला का वं? मले पाहवत नाही." पाय मुसळासारखा सरळ वर आला. आता धानाच्या शेतात धुऱ्यावर, बांधावर, बाबा तो पाय लांब करून बसतात. येणारा-जाणारा हळहळतो, "वाकतच नाही का जी पाय?" बाबा हसतात. मी मात्र अजूनही एकदा गुडघ्याकडे बघून घेते, वाकला तर नाही ना.