आत्या, दुसरा गियर आणि सात हजार फेरे

माझी आत्या दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. सकाळी साडेसातला ती कामावर निघते, ती एका बुटक्या, हिरव्या, दोन सीटांच्या स्पोर्ट्स कारमधून. गाडी इतकी खाली की आधी बूड टेकायचं आणि मग एकेक पाय उचलून आत घ्यायचा. माझे बाबा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, त्या गाडीला पहिल्या दिवसापासून ‘चप्पल’ म्हणतात.

सेहेचाळिसाव्या वर्षी आत्याने ती एका डॉक्टरकडून जुनी घेतली. शहरात ती चालवून डॉक्टर मेटाकुटीला आला होता. गाडीत खोट नव्हती, इंजिनाची जातच तशी होती. मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या खाली त्याला ओढ म्हणून नाही. सिग्नल सुटला की साधी गाडी क्लच सोडताच निमूट पुढे सरकते. ही एक आचका देते आणि बंद पडते. पण काटा सहा हजारांच्या पुढे गेला की तिला असा जोर चढतो की मान मागे टेकते. आता रोजच्या अकरा किलोमीटरच्या गर्दीत सात हजार फेरे कोणाला आणि कुठे मिळणार? आत्याला मिळायचे. ती दुसऱ्या गियरमध्येच राहायची, पुढच्याशी अंतर ठेवून, ब्रेक न लावता वेग जपायची आणि मोकळा तुकडा दिसला की इंजिनाला हवं ते द्यायची.

बाबांनी तीस वर्षं सिटी बस चालवली. त्यांचं डिझेल इंजिन चढावर नुसता क्लच सोडला तरी साठ माणसं घेऊन निघायचं. बहिणीने मुद्दाम अशी नाजूक गाडी घ्यावी हे त्यांच्या पचनी पडेना. “आमची बस बिचारी न विचारता काम करायची. हिला आधी गोंजारा, मग ती चालणार,” असं ते आल्यागेल्याला सांगत. आत्या हसून सोडून देई. ती गाडी कानाने चालवायची. काट्याकडे बघायचीच नाही. इंजिनाचा आवाज कुठवर चढला की गियर टाकायचा आणि कुठे उतरला की ते गुदमरणार, हे तिला पाठ झालं होतं.

एक्कावन्नाव्या वर्षी तिला कसलासा ताप आला. ती तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये होती. ताप गेला, तो जाताना कान घेऊन गेला. डाव्या कानाने काहीच नाही, उजव्याने फक्त धप्प-धप्प. कानाच्या यंत्रामुळे शांत खोलीत समोरच्याचं निम्मं कळायचं. गाडीत नुसता गोंगाट.

बरी झाल्यावर पहिल्याच सकाळी ती गाडी घेऊन निघाली आणि कोपऱ्यावर चार वेळा बंद पडली. मागचे हॉर्न वाजवत होते ते तिला कळलंच नाही. शेवटी एक माणूस उतरून काचेवर टकटक करायला आला. आत्याने गाडी तिथेच कडेला लावली आणि चालत परत आली. आमच्या स्वयंपाकघरात बसून ती दोन ग्लास पाणी प्यायली. आईने पाठीवर हात ठेवला, तर म्हणाली की रडू येत नाहीये, राग येतोय.

त्यानंतर गाडीवर कव्हर चढलं आणि आत्या बसने जाऊ लागली. वाहन परवाना कार्यालयाचंही पत्र आलं: ऐकू येत नसेल तर डॉक्टरचा दाखला आणा आणि पुन्हा परीक्षा द्या. बाबांनी गाडीला गिऱ्हाईक शोधलं. वाईट हेतूने नव्हे, बहिणीच्या काळजीने.

गाडी विकायचं तर ठरलं होतं. पण त्याच आठवड्यात लॅबमध्ये एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. कवळी घासायची छोटी मोटर असते, पेनासारखी बोटांत धरायची. तिचा वेग कमी-जास्त झाला तर कवळीवर चरे पडतात. आत्या पूर्वी तीही कानाने ओळखायची. आता आवाज नव्हता, तरी दोन महिने तिच्या एकाही कवळीवर चरा नव्हता. बोटं केव्हा शिकली ते तिलाच माहीत नव्हतं. तिने मोटर बंद केली, पुन्हा चालू केली, डोळे मिटून वेग वाढवत नेला. प्रत्येक वेगाची थरथर वेगळी होती.

संध्याकाळी तिने बाबांना गिऱ्हाइकाला नको म्हणायला सांगितलं.

पुढचे सगळे रविवार ती सकाळी बाजारामागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये असायची. मी सोबत जायचे. तिने सीटवरची जाड गादी काढून टाकली, गियरच्या मुठीवरचं चामड्याचं आवरण उसवलं आणि उघड्या धातूवर तळहात ठेवला. मी आरपीएमचा काटा बघायचे आणि बोटांनी आकडा दाखवायचे. आधी ती अंदाज सांगायची, मग माझी बोटं बघायची. पहिल्या रविवारी तिचे अंदाज हजार-हजाराने चुकले. पाचव्या रविवारी शंभरात आले. चार हजारांना मूठ खडबडते, सहाला थरथर बारीक होत पाठीच्या कण्यात जाते, सातला सगळं गुळगुळीत होतं, असं ती म्हणायची. हॉर्न ऐकू येणार नव्हते, म्हणून मागचं नीट दिसायला तिने दोन जादा आरसे बसवून घेतले.

परीक्षेआधी बाबा म्हणाले, आधी मी बसून बघणार. पंचाईत अशी की आत्याला बोललेलं ओठांवरून कळायचं आणि चालवताना ती त्यांच्या तोंडाकडे बघणार कशी? म्हणजे अकरा किलोमीटर बाबांना गप्प बसायचं होतं. आईने तर तेवढ्यासाठीच त्यांना आनंदाने पाठवलं.

मी स्कूटरवर, मागे जरा कडेने होते. पुलाच्या चढावर गाड्या तुंबल्या होत्या. नेमका पूल, नेमका चढ, आणि मागे पाण्याचा टँकर अगदी चिकटून. पुढची रांग हातभर सरकायची आणि थांबायची. हिरवी गाडी प्रत्येक वेळी तसूभरही मागे न येता निघत होती. इंजिनाचा आवाज चढायचा, नेमका हवा तिथे थांबायचा आणि गाडी अलगद पुढे सरकायची. सात-आठ वेळा तरी झालं. पूल उतरल्यावर रस्ता मोकळा मिळाला, तेव्हा तो आवाज असा एकसलग वर गेला की फुटपाथवरची माणसं वळून बघू लागली. आत्याला तो ऐकू येत नव्हता, पण मागून तिचे ताठ, खुशीत असलेले खांदे मला दिसत होते.

लॅबपाशी बाबा मोठ्या कष्टाने गाडीतून बाहेर आले. आत्याच्या अगदी समोर, ओठ नीट दिसतील असे उभे राहिले.

“तीस वर्षांत मला अशी चढावर गाडी काढता आली नाही,” ते म्हणाले. “माझी बस इंजिनच काढायचं. इथे तू काढलीस.”

आत्याने त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं. बाबांना वाटलं तिला कळलं नाही. मला वाटतं तिला पहिल्याच वेळी कळलं होतं.

परीक्षा घेणाऱ्या बाई कडक होत्या. त्यांनी तिला तासभर शहरभर फिरवलं, परत आल्यावर कागदावर सही केली आणि आणखी एक फेरी मारता येईल का असं विचारलं, ते मात्र परीक्षेत नव्हतं.

याला सात वर्षं झाली. मध्ये आत्याने मलाही ती गाडी शिकवली. पहिल्या दिवशी मी ती अकरा वेळा बंद पाडली आणि दर वेळी तिने माझा हात उचलून मुठीवर ठेवला. मला अजून काट्याकडे बघावं लागतं.

गेल्या वर्षी लॅब शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. मालकांनी आत्याला बोलावून घेतलं आणि अवघडत म्हणाले की अंतर आता दुप्पट होईल, वाटेत दोन पूल आणि चौदा सिग्नल आहेत, हवं तर न्यायला-आणायला गाडी पाठवतो. आत्याने त्यांच्या ओठांकडे नीट बघून सगळं ऐकून घेतलं आणि पूल किती उंच आहेत ते विचारलं.