विहीणबाई आणि माझा उजवा हात

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढे विहीणबाईंना हसताना मला संकोच वाटायला नको. लग्न होऊन मी इकडे मुळशीत, माले गावी आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते, माळकरी घरातली होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. पहिल्याच जत्रेला सासूबाईंनी नुकत्याच कापलेल्या बकऱ्याच्या मटणाची परात माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "मीठ-हळद लाव." मी नाकाला पदर लावून, तोंड फिरवून मूठभर मीठ भुरभुरलं, आणि परातीतला एक तुकडा थरथरला. मग दुसरा थरथरला. मग अख्खी परातच काटा आल्यासारखी शहारली. अशा वेळी शहाणी बाई कुणाला तरी हाक मारेल. मी "अगं बाई, अजून जीव हाय!" असं पुटपुटत ती परात उचलली, मागच्या दाराने ओढ्यावर गेले, सगळं मटण हात जोडून पाण्यात सोडलं आणि घरी येऊन सांगितलं, की लाल्या कुत्र्याने खाल्लं. बकऱ्याचं एवढं मटण, एकट्या लाल्याने! त्या जत्रेला आमच्याकडच्या पाहुण्यांनी पिठलं खाल्लं, आणि बिचारा मरतुकडा लाल्या पुढे मरेपर्यंत आळीतल्या पोरांना भीती घालायच्या कामी आला.

हे गुपित मी पंचेचाळीस वर्षं पोटात ठेवलं. नवऱ्याला तो असेपर्यंत सांगितलं नाही, लेकीला सांगितलं नाही. सांगितलं ते एकट्या विहीणबाईंना. त्या हसल्या नाहीत की दचकल्या नाहीत. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी फक्त विचारलं, "मीठ जाडं होतं की बारीक?"

तर अशा या माझ्या विहीणबाई, म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाई. मांसावर यांच्याइतकी माया करणारी शाकाहारी बाई अख्ख्या पृथ्वीवर दुसरी नसेल. मूळच्या अमरावतीकडच्या. सारा जन्म शाळेत विज्ञान शिकवलं. चातुर्मासात कांद्याला शिवणार नाहीत. मुलगा हिंजवडीला नोकरीला, म्हणून मास्तरकी संपल्यावर तिथून जवळच, चांदे गावातल्या त्याच्या फ्लॅटवर येऊन राहिल्या. नवरा त्याच्या आदल्याच वर्षी गेलेला. शाळेतली बाकीची सगळी पुस्तकं त्यांनी कुणाकुणाला देऊन टाकली असावीत, पण स्नायूंचा धडा मात्र स्वतःजवळ ठेवून घेतला, आणि तो त्या आजतागायत शिकवताहेत. समोर वर्ग असो, व्याही असोत की शेळी असो. लोकांच्या विहिणी मानपानाच्या साडीवरून रुसतात. आमच्या विहीणबाईंनी लग्नाच्या मांडवात मी पाण्याचा हंडा उचलताना पाहिला, तडक पुढे आल्या, माझा दंड दोन बोटांत धरून दाबला आणि भर पंगतीत म्हणाल्या, "वा! पुढचा स्नायू सुरेख आहे हो तुमचा." आमच्याकडच्या बायका घास हातात धरून बघत राहिल्या. माझ्या दंडाला आयुष्यात मिळालेली ती पहिली शाबासकी. नवऱ्याने तर माझ्या भाकरीलाही कधी बरं म्हटलं नव्हतं.

त्याच दंडाचा, म्हणजे उजव्या हाताचा, पुढे बोऱ्या वाजला. मागच्या पौषात मी गोठ्यात घसरले आणि मनगट मोडलं. पौडच्या डॉक्टरांनी सहा आठवडे प्लास्टर घातलं. ते काढलं तेव्हा आत माझा हात नव्हताच. कुणीतरी शेवग्याची वाळकी शेंग ठेवली होती. मूठ मिटेना. माझ्या तीन शेळ्या, त्यातली चांदी दुधावर, तिची धार शेजारीण काढायची. लेक आली, तिने हात पाहिला, गोठा पाहिला आणि ऑफिसातल्या मीटिंगमध्ये सांगावं तसं सांगितलं, "आई, जरा प्रॅक्टिकल विचार कर. अक्षय तृतीयेपर्यंत बघू. तोवर तुला स्वतः धार काढता आली तर ठीक, नाहीतर शेळ्या विकायच्या आणि तू चांद्याला यायचं." चांद्याचा फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे. तिथे मी दोन दिवस राहिले की तिसऱ्या दिवशी लिफ्टशी गप्पा मारायला लागते. म्हणून मी हात फडक्यात बांधून गळ्यात अडकवला आणि अजिबात न हलवता बसून राहिले. वापरला नाही की ताकद साठेल, असा माझा हिशेब. शनिवारी विहीणबाई आल्या, दारातच ते फडकं पाहिलं आणि त्यांची वऱ्हाडी बाहेर आली, "हे काहून बांधलं? हात म्हणजे काय लोणचं आहे, झाकून ठेवलं की मुरायला?" फडकं त्यांनी सोडलं, स्वतःची पिशवी खुंटीला लावली आणि दर शनिवार-रविवार यायचं जाहीर करून टाकलं.

मग माझी शाळा सुरू झाली. स्नायू म्हणजे काय ते दाखवायला त्यांनी माझा नवा कोरा दोर घेतला आणि उलगडला. "हे बघा, दोरात पेड, पेडात पीळ, पिळात धागे. स्नायूही तसाच. जुडीत जुडी, जुडीत जुडी, आणि प्रत्येक जुडीला पातळ वेष्टण, संत्र्याच्या फोडीला असतं तसं." धागे दाखवून होईपर्यंत त्या दोराने बांधलेली चांदी मोकळी होऊन शेजारच्या वालाच्या वेलावर पोचली होती. दुसऱ्या आठवड्यात गोठ्याचं दार अडकलं. मी म्हटलं, "ढकला वाईच." झालं. "ढकलणं असं काही नसतंच, विहीणबाई. स्नायू फक्त ओढतो. आपल्याला वाटतं आपण ढकलतोय, पण आत दंडाचा मागचा स्नायू हाड ओढतोय, आणि तो ओढतो तेव्हा पुढच्याने सैल सोडायचं असतं. दोघांनी एकदम ओढलं तर हात जागच्या जागी लाकूड." मी म्हटलं, "व्हय, पर दार?" दार तसंच राहिलं होतं.

पण एक सांगते, त्यांचं एक बोलणं मला नीट कळलं, कारण ते त्यांनी विहिरीवर सांगितलं. मी डाव्या हाताने पोहरा ओढायची खटपट करत होते. त्या म्हणाल्या, "धाग्याच्याही आत जाडे तंतू आणि बारीक तंतू असतात. जाड्यांना बारीक बारीक हात असतात. ते काय करतात? तुम्ही दोर ओढता तेच. धरायचं, ओढायचं, सोडायचं, पुढे धरायचं. कुठलाच तंतू आखूड होत नाही, नुसते एकमेकांत सरकतात. तरी पोहरा वर येतो." दोन्ही हातांची बोटं एकमेकांत सरकवून त्यांनी दाखवलं. विहिरीवरच्या बायका धुणं थांबवून बघत होत्या. त्यानंतर मी कणकेचा गोळा दाबताना, ओला टॉवेल पिळताना तेच म्हणायचे, धर, ओढ, सोड. मिटायला येऊ लागली तशी मूठ उघडायला अडू लागली. दुखायचं लई. ते दुखणं विसरावं म्हणूनच एका रविवारी मी मटणाची गोष्ट सांगून बसले आणि तो जाड्या-बारक्या मिठाचा प्रश्न आला.

प्रश्नावर भागलं असतं तर त्या विहीणबाई कसल्या! चैत्रातल्या जत्रेला त्या हजर. पुतण्याने बकरं कापलं, परात आली, आणि नाकावर पदर, डोळ्यांवर चष्मा अशा थाटात या परातीशी उकिडव्या बसल्या. मी मीठ टाकलं. पंचेचाळीस वर्षांनी तोच शहारा. आळीतल्या सुना किंचाळल्या. माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे मी एकटीच मूर्ख नव्हते. विहीणबाईंनी तिथेच वर्ग घेतला, "घाबरू नका. ते जिवंत नाही. पण त्याच्यात थोडं इंधन शिल्लक आहे, आणि मीठ लागलं की त्याला वाटतं वरून हुकूम आला. मेल्याची बातमी त्याच्यापर्यंत अजून पोचलेली नाही, एवढंच." पुतण्या म्हणाला, "मावशी, तुमी खात न्हाई, तर निदान आमाला तरी खाऊ द्या की!"

मी विचारलं, "मग इंधन सपल्यावर सैल पडतं व्हय?"

"नाही," त्या म्हणाल्या. "ताठ होतं. सगळ्यांची चूक तिथेच होते. धरायला लागते त्याहून सोडायला ताकद लागते. इंधन संपलं की ते बारीक हात धरलेले तसेच राहतात." मग परातीकडे बघत, वर्गातल्याच आवाजात पुढे म्हणाल्या, "आमचे हे गेले तेव्हा माझा हात त्यांच्या हातात होता. मला धडा पाठ. तीन-चार तासांत काय होणार ते ठाऊक. म्हणून वेळेत काढून घेतला. घाई नव्हती तशी काही." सुना केव्हाच मसाला वाटायला गेल्या होत्या. मी परात आत नेली.

अक्षय तृतीयेला लेक, जावई, विहीणबाई सगळे आले. लेक गोठ्याच्या दारात हाताची घडी घालून उभी. मी चांदीखाली बसले, अंगठा आणि बोटाने आचळ वरून धरलं, खालपर्यंत दाबत आणलं, सोडलं. पहिल्यांदा नुसतीच बोटं थरथरली. चांदीने मान वळवून माझ्याकडे असं बघितलं, की जणू तिलाही परातीतली गोष्ट माहीत असावी. मागून विहीणबाई हळूच म्हणाल्या, "सोडा. पूर्ण सोडा, मग धरा." सोडलं, धरलं, आणि भांड्यात धार वाजली. भांडं भरेपर्यंत मी थांबले नाही. लेकीने ते दूध उचललं, चहा ठेवला, आणि शेळ्या विकायचा विषय त्या चहाबरोबर संपला.

चहा पिऊन झाल्यावर पाहते तो विहीणबाई खुंटीवरची पिशवी काढून तिच्यात आपली वाटी, आपला पंचा, माझ्या कणकेच्या गोळ्यासाठी आणलेला डबा असं एकेक भरताहेत. "आता काय, हात झाला," त्या म्हणाल्या. "धडा संपला." दोन-अडीच महिने खुंटीला ती पिशवी होती, तिथली भिंत मला एकदम उघडी दिसली. मी काही न ठरवता उजवा खांदा धरला आणि कण्हले, "विहीणबाई, खांदा वर जाईना वो. लई कळ मारतीया."

पिशवी खाली ठेवून त्या जवळ आल्या. माझा दंड लग्नात धरला होता तसाच दोन बोटांत धरला, पुढून दाबला, मागून दाबला, हात वर न्यायला लावला. मी जमेल तेवढं तोंड वाकडं केलं. बाहेर जावई गाडीचा हॉर्न वाजवत होते. मग चष्मा सावरून, जराही न हसता त्या म्हणाल्या, "खांद्याला काहीही झालेलं नाही, विहीणबाई. पुढचा आणि मागचा, दोन्ही स्नायू तुम्ही एकदम ताणलेत. खरं दुखणं असं वागत नाही. पण राहू द्या. खोटा खांदा बरा व्हायला खऱ्यापेक्षा जास्त दिवस लागतात. शनिवारी येते."